तलावाच्या फायलीतला काळा पट्टा

माझी नणंद हर्षा सकाळी उठते तीच वैतागलेली. चहात साखर जास्त झाली तर कुरकुरते आणि कमी झाली तर कप तसाच ठेवून देते, म्हणजे मग वैतागायची पाळी माझी. लग्न होऊन मी लोणाऱ्यांच्या घरात आले तेव्हा ती पुण्याला नोकरीला होती. वर्षातून दोनदा यायची. मला वाटायचं, चार दिवसांची पाहुणी आहे, निभावून नेऊ. मग लॉकडाऊन लागला, कंपनीने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, आणि हर्षाताई दोन कॉम्प्युटर, एक चाकांची खुर्ची आणि इन्व्हर्टर घेऊन कोंढ्याजवळच्या आमच्या गावी दाखल झाली. लॉकडाऊन उठला, पण तोवर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. ताई परत गेलीच नाही.

तिचं काम नेमकं काय, ते गावात कोणालाच सांगता यायचं नाही. मलाही ते तिच्या शेजारी बसून बसून कळलं. कॉम्प्युटरात शिरणारे व्हायरस पकडणारी तिची कंपनी. कुठूनतरी अनोळखी फाइल यायची, आणि तिच्या पोटात काय दडलं आहे ते ती न चालवता ओळखायचं, हे ताईचं काम. गावाच्या लेखी मात्र ती 'कॉम्प्युटरवाली' होती. म्हणून आधार कार्डावरचा फोटो वाईट आला की माणसं तिच्याकडे. गॅसच्या सबसिडीचा मेसेज आला नाही की तिच्याकडे. एकाने तर रेंगाळत चालणारा कूलर आणला होता. तिने तो कूलर पाहिला, माणसाकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. बाहेर त्या माणसाला चहा मीच दिला.

आमच्या गावाचा तलाव जुना आहे. पूर्वीच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेला माजी मालगुजारी तलाव, सगळे मामा तलाव म्हणतात. एका अंगाला मातीचा लांब बांध, त्याला पाळ म्हणतात. त्याच्यावर दोन गटांचा जीव. खालच्या अंगाला धानाच्या बांध्या असलेले शेतकरी, आणि तलावात मासे सोडून धरणारी ढीवरांची संस्था. शेतकऱ्यांना पाणी बांधीत हवं, ढीवरांना तलावात. दरवर्षी थोडी कुरबूर व्हायची आणि मिटायची. पण मागच्या वर्षी पाणी वेळेच्या फार आधी उतरलं. एरवी एप्रिलपर्यंत पुरणारा तलाव फेब्रुवारीतच गुडघाभर राहिला. उन्हाळी धान पिवळं पडलं, आणि उरलेल्या गढूळ पाण्यात मासे उलटे तरंगू लागले.

शेतकऱ्यांच्या बाजूने वासुदेवराव काटेखाये बोलायचे. सत्तरीचे, आवाज खणखणीत, गावात मान. त्यांचं म्हणणं, पाणी कमी झालं की मासे धरायला सोपे जातात, म्हणून संस्थेच्या लोकांनी चोरून तुडुम उघडला. तुडुम म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडायचं दार. संस्थेचा अध्यक्ष तेजराम मारबते म्हणायचा, मेलेले मासे कोण विकत घेतो, तुडुम उघडला तो पिकासाठी काटेखायांच्या माणसांनीच. ग्रामसभेत दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. तेव्हा कोणाला तरी तलावातल्या पेटीची आठवण झाली.

ही पेटी तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या कुठल्याशा अभ्यासगटाने बसवली होती. पाण्यात उभा लोखंडी पाइप, त्याच्या डोक्यावर पेटी, वर छोटं सोलर पॅनल. पाण्याची पातळी मोजायचं यंत्र आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. पहिल्या वर्षी माणसं आली, नंतर कोणी फिरकलं नाही. पेटी मात्र इमानाने मोजत राहिली होती. ती उघडून आतलं मेमरी कार्ड काढावं आणि कोणत्या दिवशी पाणी गेलं ते पाहावं, असं ठरलं. कार्ड काढताना दोन्ही बाजूंची माणसं डोंग्यात बसून गेली, कारण कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता.

ते कार्ड आमच्या घरी आलं तेव्हा त्याच्यासोबत कागदांचा एक गठ्ठाही होता. ग्रामपंचायतीत कोणीतरी ती फाइल पत्र टाईप करायच्या प्रोग्राममध्ये उघडली होती आणि जे दिसलं ते छापून काढलं होतं. पानांमागून पानं, नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्या कुठल्या भाषेतली अक्षरं. वासुदेवरावांनी तो गठ्ठा ताईपुढे ठेवला आणि म्हणाले की कागद तयारच आहे, आता तेवढा वाचून दाखवावा.

ताईने डोळे मिटून घेतले. मग कार्ड तेवढं उचललं आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पुढे महिनाभर मी त्याच्यावर लसूण सोलला.

कार्डावर एकच फाइल होती. मोठी, आणि तिच्या नावामागे जी तीन अक्षरं होती ती ताईनेही कधी पाहिली नव्हती. कोणत्याच प्रोग्रामने ती उघडेना. ताईने नागपूरला फोन लावला. ज्यांनी पेटी बसवली ते सर दुसरीकडे गेले होते. दुसऱ्यांनी तिसऱ्यांचा नंबर दिला. तिसऱ्यांनी सांगितलं की ती फाइल वाचायचा प्रोग्राम एका जुन्या कॉम्प्युटरवर होता आणि तो कॉम्प्युटर भंगारात गेला. मग त्यांनी ताईलाच विचारलं की तुम्हाला तो प्रोग्राम कुठे मिळाला तर आम्हालाही पाठवाल का. फोन ठेवल्यावर तिने समोरचा चहा न पिताच माझ्याकडे परत दिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी तिच्या खोलीत खाली बसून लाखोळीची डाळ निवडत होते, कारण पंखा तिथेच जरा बरा चालतो. सासूबाई खाटेवर होत्या. ताई म्हणाली की उघडत नाही तर नाही, आपण तिचं चित्र काढू.

मला वाटलं, ऊन लागलं हिला. पण तिने जे सांगितलं ते सोपं होतं. कोणतीही फाइल असो, गाणं असो की फोटो की पत्र, आत नुसती आकड्यांची लांबच लांब रांग असते. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्नच्या आतला. शून्याला काळा ठिपका द्यायचा, दोनशे पंचावन्नला पांढरा, मधल्यांना कमीजास्त राखाडी. असे ठिपके ओळीने भरत जायचे, एक ओळ संपली की खालची. आकडे वाचून माणसाला काही कळत नाही, पण ठिपक्यांत काही नेम असला तर डोळ्याला तो लगेच दिसतो. कंपनीत ती रोज हेच करायची. कुठे नुसती वाळू पसरल्यासारखं दिसलं की तिथे काहीतरी दाबून किंवा कुलूपबंद करून भरलेलं आहे. कुठे एकसारख्या रेघा दिसल्या की तिथे मोजमापाचे रकाने आहेत.

पडद्यावर पहिल्यांदा आलं ते तिरप्या रेघांचं राखाडी कापड. वादळी पावसाच्या सरी याव्यात तशा रेघा एकीकडे झुकलेल्या. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "चटई उसवली वाटते कोनाची."

ताईने ओळीची रुंदी बदलली. ओळीत किती ठिपके बसवायचे ते चुकलं की रेघा तिरप्या जातात, असं म्हणून ती एकेक ठिपका वाढवत गेली. रेघा आणखी झुकल्या. मग तिने उलटं सुरू केलं. रेघा हळूहळू सावरत आल्या, आणि एका आकड्याला सगळ्याच्या सगळ्या ताठ उभ्या राहिल्या. मी डाळीचं सूप बाजूला ठेवलं. कापड जाऊन तिथे नीट आखलेले रकाने आले होते.

ताईने हिशेब केला आणि ओळीची रुंदी अशी धरली की एका ओळीत बरोबर एक दिवस बसावा. वरून खाली तीन वर्षं. एका रकान्यात रोज रात्री काळोख आणि दुपारी उजेड दिसत होता. ते तापमान, ती म्हणाली. मे महिन्याच्या दुपारी लख्ख पांढऱ्या होत्या आणि पावसाळ्यातल्या मळकट. मला हे फार आवडलं. आपल्या गावावरून गेलेली तीन वर्षं अशी एखाद्या लुगड्यासारखी उलगडून पडलेली मी कधी पाहिली नव्हती. ताईला आवडलं की नाही ते कळलं नाही, कारण तेवढ्यात लाइट गेली आणि ती उठून इन्व्हर्टर पाहायला गेली.

अडचण झाली ती चित्राच्या खालच्या भागात. पाणी गेलं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात एक आडवा पट्टा होता, पूर्ण काळा. आठवडाभराच्या ओळी नुसत्या शून्याने भरलेल्या. ताई म्हणाली, याचं नंतर पाहू, आधी पातळीचा रकाना शोधते. पण संध्याकाळी माझा नवरा अश्विन खोलीत येऊन गेला. त्याला ती म्हणाली की पेटी इथे बंद पडली असावी. तो हो हो म्हणाला, पडद्याचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मोकळा झाला. खाली लिहिलं, 'पेटी बंद केल्याचा पुरावा सापडला.'

असावी आणि केली यांतला फरक त्याला रात्री जेवताना ताईने समजावला. मी मध्ये पडले नाही. तो माझा नवरा आहे, पण वरण वाढण्यापलीकडे त्या दिवशी मी त्याच्यासाठी काही केलं नाही.

सकाळपर्यंत काळा पट्टा गावभर झाला होता. वासुदेवरावांची माणसं म्हणत होती की पाण्यात रोज जातो कोण, ढीवरच, म्हणजे पेटीची तार त्यांनीच उपटली आणि त्या आठवड्यात पाणी सोडलं. तो आठवडा भर पावसाळ्यातला होता, तलाव तेव्हा भरत होता, हे कोणी पाहिलंच नाही. दुपारी तेजरामचा डोंगा तलावाच्या काठी उलटा सापडला. बुडाला कुऱ्हाडीने भोक पाडलेलं होतं.

ताईने कॉम्प्युटर बंद केला. कार्ड पाकिटात घालून अश्विनच्या हातात दिलं आणि ग्रामपंचायतीत परत करून ये म्हणाली. तिचं म्हणणं असं की या गावाला फक्त भांडण हवं आहे, ते चित्राशिवायही होतं. वासुदेवराव आले, त्यांना ती भेटली नाही. मी सांगितलं की तिचं डोकं दुखतंय. ते ओसरीवर बसून म्हणाले की हल्लीच्या पोरींना डोकं फार दुखतं. मी मुकाट पाणी दिलं. मला खरं तर त्या डोंग्याबद्दल विचारायचं होतं, पण सुनेने किती बोलावं ते गावाने ठरवलेलं असतं, त्याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो.

तेजराम दोन दिवसांनी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. आत आला नाही, अंगणातच उभा राहिला. ताई बाहेर आली आणि म्हणाली की झालं ते वाईट झालं, पण मी आता त्या फायलीला हात लावणार नाही.

"मले माफी नाही पायजे ताई," तो म्हणाला. "आमी चोर असू तं चोर म्हना. पन अर्धं सांगून नोका ठेवू. अर्ध्यानंच माहा डोंगा फुटला."

ताईने आत वळून अश्विनला विचारलं की कार्ड दिलं का परत. त्याने ते दिलंच नव्हतं, विसरला होता. त्याच्या विसरभोळेपणाचा या घराला एवढा एकदाच उपयोग झाला असेल.

त्यानंतरचा आठवडा ती कंपनीचं काम आटोपून त्या फायलीमागे बसायची. आधी काळा पट्टाच घेतला. तिने मला जवळ बोलावून एक बारीक रकाना दाखवला, बॅटरीचा. काळ्या पट्ट्याच्या वर, म्हणजे आधीच्या दिवसांत, तो रकाना थोडा थोडा मंदावत गेला होता, कंदिलातलं तेल संपत यावं तसा. त्याच दिवसांत दुपारचा उजेडही जवळपास नव्हता. आभाळ भरलेलं, पॅनलला ऊन नाही, बॅटरी उतरत उतरत संपली. कोणी तार उपटली असती तर उजेडाच्या शेजारीच एकदम काळोख असता. ऊन पडल्यावर पेटी आपली आपण जागी झाली होती, फक्त मधल्या दिवसांच्या जागी शून्यं भरून तिने नवी ओळ सकाळऐवजी भर दुपारी सुरू केली. त्यामुळे पट्ट्याच्या खाली सगळ्या दुपारी एका बाजूला सरकलेल्या दिसत होत्या.

मग पातळीचा रकाना. पाणी स्थिर असलं की तिथे एकच रंग राहायचा. पाणी उतरू लागलं की रंग पांढऱ्याकडून काळ्याकडे जायचा, पार काळा झाला की पुन्हा पांढऱ्यापासून सुरू. गाडीच्या मीटरवरचा शेवटचा आकडा जसा फिरून फिरून येतो, तसं. त्यामुळे खाली खाली पट्टे पडत गेले होते. पाणी हळू उतरलं तिथे पट्टे रुंद, भराभर उतरलं तिथे अगदी दाटीवाटीने. ऑक्टोबरात गावाने ठरवून तुडुम उघडला होता, तेव्हाची दाटी तिन्ही वर्षी स्पष्ट होती.

चोरून तुडुम उघडला असता तर आणखी कुठेतरी अशी दाटी दिसली असती. ती कुठेच नव्हती. शेवटच्या हिवाळ्यात पट्टे आधीच्या दोन वर्षांपेक्षा अरुंद होते, पण सगळे सारखे. दिवसा तेवढेच, रात्री तेवढेच, गावात लग्न असो की बाजाराचा दिवस असो. आणि फेब्रुवारीत एका ठरावीक उंचीला आल्यावर ते पुन्हा रुंद झाले होते.

ताई खुर्चीत मागे रेलली. चोर रात्री येतो, थकतो, थांबतो, ती म्हणाली. हे पाणी मध्ये एकदाही थांबलं नव्हतं, आणि थांबलं ते एकाच उंचीला. म्हणजे त्या उंचीवर भोक आहे.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळे जमले तेव्हा तिने लॅपटॉप नेला होता, पण दाखवण्यापूर्वी सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. अश्विनचा तिने स्वतःच्या हातात घेतला. मग जे सांगायचं ते सांगितलं. शेवटी म्हणाली, "चोर कोणीच नाही. पाळ गळून राहिली. सांडव्यापासून दीड पुरुषभर खाली कुठंतरी भोक आहे. तलाव भरला तेव्हा पाणी सांडव्यावरून गेलं, ती पातळी फायलीत आहे, तिथून मोजलं मी."

मला वाटलं होतं, माणसं निदान हुश्श करतील. कोणालाच बरं वाटलेलं दिसलं नाही. इतके महिने ज्याला शिव्या दिल्या तो चोर नाही म्हटल्यावर त्या शिव्यांचं काय करायचं, असा चेहरा करून दोन्ही बाजू बसल्या होत्या. वासुदेवरावांनी विचारलं की कॉम्प्युटर चुकू शकतो की नाही. ताईने सांगितलं की चुकू शकतो. मग त्यांनी विचारलं की आता चुकला असेल का. ताईने लॅपटॉप मिटला.

"काकाजी," ती म्हणाली, "पाळीवर जाऊन पाहाले काय लागते? पायच ना. तुमचे नाही चालत तं माहे चालतात."

आणि ती निघाली. चार वर्षांत ताई तलावाकडे गेलेली मी पाहिली नव्हती. तिच्यामागे तेजराम, मग संस्थेची माणसं, मग वासुदेवराव काठी टेकत. मे महिन्याचं ऊन होतं. पाळीच्या बाहेरच्या अंगाने सगळे चालत गेले. तुडुमाच्या जुन्या दगडी बांधकामाजवळ बेशरमाची झुडपं माजली होती. तेजरामने कोयत्याने ती बाजूला केली. सगळीकडे जमीन भेगाळलेली असताना तिथे हिरवीगार दूब होती, आणि पाय ठेवला तर तो आत रुतत होता. दगड आणि माती यांच्या मधल्या सांध्यात हात जाईल एवढी पोकळी होती. त्या हिरवळीवर अर्ध्या गावाची गुरं हिवाळाभर चरली होती, वासुदेवरावांची सुद्धा. एवढा चारा इथेच का, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

वासुदेवराव वाकून बराच वेळ त्या पोकळीत पाहत राहिले. मग म्हणाले, "असन मंग." बस, एवढंच.

पावसाच्या आधी पाळ उकरून तो सांधा काळ्या मातीने ठासून भरला. दोन्ही बाजूंची माणसं कामाला होती आणि माती किती ओली असावी यावरून रोज भांडत होती. तेजरामच्या डोंग्याला नवी फळी बसली. वासुदेवरावांनी आपल्या शेतातलं लाकूड आणि सुतार, दोन्ही न बोलता पाठवले होते. कुऱ्हाड कोणी चालवली ते कधी उघड झालं नाही. तेजरामला माहीत असावं असं मला वाटतं. वासुदेवरावांना नक्कीच माहीत होतं.

ताईने फाइल कशी वाचायची ते सगळं नीट लिहून नागपूरला ईमेल केलं. उत्तर आलं नाही. पाच-सहा वेळा तिने आठवण केली, मग त्यांच्या नावाने जे बोलायचं ते घरातच बोलून घेतलं. बॅटरी कायमची गेली आणि पेटी बंद झाली. आता पाइपावर पाणकावळा बसतो.

या वर्षी तलाव भरला. हिवाळा गेला, फेब्रुवारी आला. एक दिवस जेवताना ताई एकदम ताट सरकवून म्हणाली की या गावात कोणाला काही रीत आहे की नाही. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली की पाळ टिकली की नाही, पाणी आहे की गेलं, एक माणूस सांगायला आला नाही. कूलर घेऊन येता येतं, एवढं सांगायला येता येत नाही.

मी आदल्याच दिवशी तलावावरून आले होते. मी सांगितलं की पाणी तुडुमाच्या वरच्या दगडापर्यंत आहे, आणि पाणी कधी आणि किती सोडायचं यावरून काटेखाये आणि मारबते यांचं काल जोरात वाजलं.

तिने ताट पुन्हा पुढे ओढलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाली.